अडचणीची राखण

साताऱ्याहून बामणोलीला जाणारा रस्ता जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटरचा, पण तो एका जागतिक वारशातून निघून दुसऱ्याच्या दारात जातो. 1 जुलै 2012 रोजी सेंट पीटर्सबर्गच्या बैठकीत युनेस्कोने पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांची मिळून एक नोंद केली. त्यातली चार महाराष्ट्राच्या वाट्याला आली: कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. पहिली दोन या एकाच रस्त्यावर आहेत. आधी कास, मग उतार, मग शिवसागराचं पाणी आणि पाण्यापलीकडे कोयनेचं रान. यादी एक, जिल्हा एक, पाऊसही एकच. तरी या दोन जागा येणाऱ्या माणसाला अगदी वेगळ्या तऱ्हेने आत घेतात. ती तऱ्हा बघायची म्हणून भाद्रपदात कासला आणि थंडी पडल्यावर कोयनेच्या रानातल्या वासोटा किल्ल्याला, असा बेत केला. सोबतीला भाची होती. ती वनस्पतिशास्त्र शिकते, त्यामुळे माझ्या प्रत्येक ‘किती सुंदर!’च्या पाठोपाठ एक लॅटिन नाव यायचं.

यवतेश्वरचा घाट चढताना अजिंक्यतारा मागे खाली राहतो आणि हवा बदलते. पूर्वी या रस्त्यावर धुकं, म्हशी आणि एखादी एसटी एवढंच भेटायचं. आता हॉटेलांच्या आणि रिसॉर्टच्या पाट्या आहेत, कणसं भाजणाऱ्या गाड्या आहेत, ‘व्हॅली व्ह्यू’ नावाच्या बाल्कन्या आहेत. सगळ्यांचं भांडवल एकच, वरचं पठार. पठाराच्या अलीकडेच गाडी वाहनतळावर लावावी लागते. पावती दाखवायची, गर्दीत असाल तर गाडीतून उतरून बसने पुढे जायचं. नावनोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते. दिवसाला 3,000 माणसं ही इथली मर्यादा. नोंदणीची वेळ ठरलेली, त्यामुळे लोक बसमध्ये घड्याळाकडे बघत बसलेले. फुलं बघायला जाताना इतकी शिस्त पाहून शेजारच्या आजोबांना हसू आलं. “सिनेमाच्या तिकिटासारखं झालं की हो,” ते म्हणाले. त्यांच्या नातवाने त्यांना समजावलं, की तिकीट नसतं तर सगळे मिळून फुलांवरून चालले असते. आजोबांना ते पटलं की नाही कळलं नाही, पण पुढे ते वाटेच्या मधोमध चालले.

पठार म्हणजे मैदान नव्हे. इकडच्या बोलीत याला सडा म्हणतात. वर जांभा खडक, त्याखाली बेसॉल्ट. जांभ्यावर माती असलीच तर काही बोटं जाडीची, बाकी खळगे आणि उघडा दगड. पावसाळ्यात इथे पाणी साचतं, उन्हाळ्यात तवा तापतो. मोठ्या झाडाला मूळ खोल घालायला जागाच नाही, म्हणून हे राज्य लहान झाडांचं. त्यांचा सगळा संसार चार महिन्यांत उरकतो. जूनमध्ये रुजायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलायचं, ऑक्टोबरात बी टाकायचं आणि वाळून जायचं. इथे साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद आहे, आणि त्यातल्या बऱ्याच या सह्याद्रीबाहेर कुठे मिळत नाहीत. वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावात तर साताराच आहे.

आम्ही गेलो तेव्हा तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा जांभळा रंग जोरात होता. गेंदाची पांढरी बोंडं पाण्याच्या कडेने दाट उगवलेली, मधूनच पिवळा कवळा, ज्याला हल्ली सगळे मिकी माउस म्हणतात. भाची एका ओलसर खळग्यापाशी उकिडवी बसली आणि तिने मला खाली बघायला लावलं. तिथे दवबिंदू होतं. पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब, त्यात एक चिलट अडकलेलं. सीतेची आसवंही मांसाहारीच. त्यांचे सापळे दिसत नाहीत. ओल्या मातीत सूक्ष्म फुगे असतात आणि ते पाण्यातले बारीक जीव आत ओढून घेतात. मातीत नत्र जवळजवळ नाही, म्हणून झाडांनी ही वेगळी खानावळ काढली. इतक्या गरीब मातीवर इतकी श्रीमंती उभी राहते ती अशी, थेंबाथेंबाने आणि चिलटाचिलटाने.

हे कळलं की पाऊल टाकताना माणूस जरा बिचकतो. बी टाकण्याआधी रोप तुडवलं गेलं तर यंदाचं फूल जातंच, पण मातीतली पुढच्या वर्षाची शिल्लकही घटते. ओली, पातळ माती पायाखाली दबली की तिच्यात पाणी मुरत नाही, मूळ शिरत नाही. आणि हे नुकसान त्या दिवशी डोळ्यांना दिसत नाही. फोटो काढून माणूस घरी जातो, फोटो छान येतो. रिकामी जागा दिसते ती दोन-तीन वर्षांनी, आणि तेव्हा तिचा त्या फोटोशी कुणी संबंध जोडत नाही.

म्हणून तिथे शिट्टी आहे. अंगावर जाकीट, हातात काठी आणि गळ्यात शिट्टी असलेली आसपासच्या गावांतली पोरं-पोरी पठारभर उभी असतात. एक जोडपं तेरड्यात बसून फोटोची तयारी करत होतं. शिट्टी वाजली. “ओ दादा, फुलात न्हाय बसायचं! वहिनी, उठा तिथनं!” आवाज ठसक्यात, पण त्यात चीड नव्हती. शिट्टी वाजवणारी ती मुलगी कासाणीची. मोसमात इथे काम करते, एरवी शिकते. मी विचारलं, दिवसभरात किती वेळा शिट्टी वाजवावी लागते? “रविवारी मोजत न्हाय ताई,” ती म्हणाली, “घसा बसला की समजायचं रविवार झाला.”

या शिट्टीमागे एक व्यवस्था आहे. कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा भोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या वन विभागासोबत मोसम चालवतात. प्रवेश शुल्काचा पैसा राखणीवर, सफाईवर, गावच्या पोरांच्या रोजावर खर्च होतो. ज्यांची गुरं या पठारावर चरत होती त्यांच्याच घरात आता पठाराचा पगार येतो. सरकारी जमिनीवरच्या पर्यटनात हे सहज घडत नाही. बहुतेक ठिकाणी नफा शहरातल्या हॉटेलवाल्याकडे आणि कचरा गावाकडे अशी वाटणी असते.

पण कासची गोष्ट एवढ्या सुरळीत इथवर आलेली नाही. जागतिक वारसा झाल्यावर गर्दी अशी लोटली की वन विभागाने पठाराला लोखंडी कुंपण घातलं. हेतू सरळ होता, माणूस आत घुसू नये. कुंपणाने माणूस बऱ्यापैकी अडला, पण त्याच्याबरोबर म्हसरंही अडली. शेकडो पावसाळे या सड्यावर गुरं चरत आली. ती उंच गवत खाऊन कमी करत, शेणाने मातीला थोडा जोर देत, खुरांनी बी दाबत. ती थांबल्यावर गवत माजलं आणि त्याच्या सावलीत बुटक्या फुलांना ऊन मिळेना, अशी तक्रार गावकरी करू लागले. चराईबद्दल असाच विचार करणारे अभ्यासकही होते. शेवटी ते कुंपण काढलं गेलं, आणि आता मोसमापुरती तंगुसाची हलकी जाळी वाटेच्या कडेने लावतात.

पठारावरच्या राजमार्ग नावाच्या वाटेच्या बाजूला एक म्हातारबाबा म्हशी घेऊन उभे होते. डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात काठी. मी कुंपणाचा विषय काढला. “आमची म्हसरं हितं चरत हुती तवाबी फुलं हुतीच की,” ते म्हणाले. “म्हस फूल बघाया न्हाय येत. ती खाती आन् पुढं जाती. मानूस यीतो आन् हालतच न्हाय.” पठाराच्या नियोजनावर याहून नेमकी टिप्पणी मी कुठल्या अहवालात वाचलेली नाही. गुराचा खूर आणि पर्यटकाचा बूट दोन्ही जमिनीवरच पडतात, पण एकाची ये-जा पसरलेली असते, दुसऱ्याची एका चौकटीत, सगळ्यात सुंदर ताटव्यापाशी, दिवसभर.

हे ऐकून पूर्वी वाचलेलं काही आठवलं. अमेरिकेत वनसेवेच्या अभ्यासकांनी 1985 साली रानातल्या पर्यटनाची एक पद्धत मांडली आणि मोंटाना राज्यातल्या बॉब मार्शल या मोठ्या रानात ती वापरून पाहिली. तोवर जगभर एकच प्रश्न विचारला जायचा, की या जागेला किती माणसं झेपतील? या लोकांनी प्रश्नच बदलला. माणूस आला की जागा बदलणारच. तर कोणता बदल किती होऊ द्यायचा, ते आधी ठरवा. वाट किती रुंद झालेली चालेल, उघडी पडलेली जमीन किती चालेल, एका दिवसात किती अनोळखी माणसं भेटलेली चालतील. मग त्या खुणा दरवर्षी मोजा, आणि मर्यादा ओलांडली गेली की उपाय करा. उपाय संख्येचाच असेल असं नाही. कधी वाट हलवावी लागते, कधी वेळ बदलावी लागते, कधी एखाद्या भागाला एक मोसम विसावा द्यावा लागतो.

कासवर 3,000 हा आकडा आहे, आणि नसण्यापेक्षा तो असणं शंभर पटीने बरं. पण पाऊस झोडपत असताना ओल्या जांभ्यावरची 3,000 माणसं आणि आठ दिवस उघडीप असताना कोरड्या वाटेवरची 3,000 माणसं ही मातीच्या दृष्टीने एक नव्हेत. म्हातारबाबांनी जे म्हशीबद्दल सांगितलं तेच या पद्धतीचं सार आहे. किती आले याच्याइतकंच ते कुठे थांबले, केव्हा आले आणि मागे काय राहिलं याला महत्त्व आहे.

थंडीत त्याच रस्त्याने पुन्हा निघालो तेव्हा कास ओळखू आलं नाही. वाळलेलं पिवळं गवत, उघडा काळपट दगड, रिकामा वाहनतळ. मोसमात जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे कुत्रं झोपलं होतं. भाची म्हणाली, “मावशी, खरं पठार आत्ता आहे. बी सगळं खाली आहे.” आम्ही न थांबता कास तलाव मागे टाकला आणि बामणोलीच्या उताराला लागलो.

बामणोलीला रस्ता संपल्यासारखा वाटतो. पुढे शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं पाणी. 1964 साली धरण पुरं झालं आणि जावळीच्या खोऱ्यातली गावं, शेतं, देवळं पाण्याखाली गेली. लोक सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे असे विखुरले. पुढे 1985 साली पाण्याच्या काठचं रान कोयना अभयारण्य म्हणून जाहीर झालं, क्षेत्र 423.55 चौरस किलोमीटर. आतल्या कित्येक गावांना पुन्हा उठावं लागलं. एकदा पाण्यासाठी, एकदा रानासाठी. 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्या काळात इथे वाघ कॅमेऱ्यात क्वचितच दिसायचा. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोबाकडून एक वाघीण आणून चांदोलीत सोडली, तेव्हा प्रकल्पाच्या नावातल्या वाघाला जरा आधार आला.

वासोट्याला जायचं तर वन विभागाची परवानगी घ्यावी लागते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या कलम 27 नुसार अभयारण्यात कुणीही उठून जाऊ शकत नाही, आणि कलम 28 मध्ये परवाना कशासाठी मिळू शकतो ते सांगितलं आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. पर्यटन हे या यादीतलं एक काम आहे, हक्क नव्हे. खिडकीत अर्ज भरताना हा फरक मनात नीट बसतो. शहरातून आलेल्या माणसाला वाटतं की पैसे भरले म्हणजे जागा विकत मिळाली. कायदा म्हणतो, तुला काही वेळापुरतं आत येऊ दिलं आहे.

मग होडी. गावच्या लोकांचे बोट क्लब आहेत, नंबर लावून होड्या सुटतात. आमचे नावाडी पन्नाशीचे, डोक्याला मफलर. भाचीने त्यांना मामा म्हणायला सुरुवात केली आणि पाच मिनिटांत ते खरोखरच मामा झाले. तास-दीड तास इंजिनाची धडधड आणि दोन्ही बाजूंनी उतरत आलेले डोंगर. वाटेत त्यांनी पाण्यात बोट दाखवलं. “ह्या इथं आमचं जुनं घर. आज्जा सांगायचा. मी न्हाय बगितलं.” पाणी इतर ठिकाणी होतं तसंच दिसत होतं.

पलीकडे मेट इंदवलीच्या काठाला लागलो. गाव उठून गेलेलं, पण चढाच्या सुरुवातीला मारुतीचं ठिकाण अजून आहे, शेंदूर ताजा होता. चौकीवर पिशव्या उघडून बघतात. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, चिप्सची पाकिटं मोजून लिहून घेतात आणि अनामत ठेवावी लागते. परतताना तेवढी रिकामी पाकिटं दाखवायची आणि पैसे न्यायचे. कुणाच्या सद्सद्विवेकावर सोपवलं नाही, पिशवीतला माल मोजला. इतका साधा उपाय, आणि वाटेवर कागदाचा कपटा दिसला नाही.

चढ दीड-दोन तासांचा, जवळजवळ सगळा झाडीतून. जांभूळ, अंजनी, हिरडा, वर वेलींचे दोर. कारवीच्या काड्यांतून ऊन तुकड्यातुकड्यांनी खाली येतं. शेकरूचा आवाज दोनदा ऐकला, ते दिसलं एकदाच, लांब शेपटी मागे सोडून फांदीवरून फांदीवर. गव्याच्या पायांचे ठसे ओल्या मातीत होते. अस्वल आहे म्हणून गटाने चालायला सांगतात. सकाळी आम्ही एकाच वेळी सात-आठ होड्यांतून उतरलो होतो, पण वाट एवढी लांब आणि चढ एवढा सरळ की अर्ध्या तासात माणसं विखुरली. पुढे कुणी दिसेना, मागे कुणी ऐकू येईना. कासवर ज्या गोष्टीसाठी शिट्टी लागली ती गोष्ट इथे चढानेच करून टाकली.

वर वाडा आहे, पाण्याचं टाकं आहे, महादेवाचं मंदिर आहे. वासोटा म्हणजे व्याघ्रगड. मराठेशाहीत हा कैदखान्याचा किल्ला होता. 1661 साली राजापूरच्या वखारीतले इंग्रज इथे डांबले होते, आणि 1818 मध्ये पेशवाई बुडताना इंग्रजांनी वेढा देऊन तो घेतला. कैदखाना इथेच का केला ते वर उभं राहिल्यावर कळतं. पश्चिमेला कडा थेट कोकणात कोसळतो, पूर्वेला दाट रान. भिंती उंच बांधायची गरजच नव्हती, रानच पहारा द्यायचं. आज कैदी नाहीत, पण पहारा तोच चालू आहे. फरक इतकाच, की तेव्हा तो आतल्याला बाहेर जाऊ देत नव्हता, आणि आता बाहेरच्याला सहज आत येऊ देत नाही.

बाबूकड्याकडे बघत भाकरी-ठेचा खाताना माझ्या मनात कासचा आकडा पुन्हा आला. वासोट्यावर रोज किती माणसं येतात हे ठरवणारी पहिली गोष्ट म्हणजे होड्यांची संख्या. दुसरी, दिवसाची लांबी, कारण रात्री मुक्कामाला बंदी आहे आणि ऊन कलायच्या आत खाली यावंच लागतं. तिसरी, चढ. चौथी, पाऊस, कारण पावसाळ्यात ही वाट बंद असते. वन विभागाने यातला परवान्याचा, झडतीचा आणि मुक्कामबंदीचा भाग केला, बाकी सगळं भूगोलाने केलं. अडचण ही इथली बिनपगारी राखणदार आहे. कासपाशी मात्र डांबरी रस्ता फुलांच्या कुशीत शिरतो. तिथे राखणदाराला केव्हाच रजा मिळाली, म्हणून नोंदणी, बस, जाळी आणि शिट्टी असं सगळं पगारी बळ उभं करावं लागलं. दोन्ही जागांच्या नियोजनातला फरक मुळात एवढाच आहे.

परतताना उन्हं कलली होती. वाऱ्याने पाण्यावर लाटा धरल्या, होडी हलायला लागली. मी मामांना विचारलं, तापोळ्याकडे मोठा पूल होतोय ना? शिवसागरावर तापोळ्याहून आहीरकडे जाणारा केबल-स्टेड पूल उभा राहतो आहे, त्याबद्दल मी ऐकलं होतं. वर बघण्यासाठी सज्जाही असणार म्हणे. मला वाटलं होतं, होडीवाला माणूस पुलाला नावं ठेवील.

“होऊ दे की,” ते म्हणाले. “रातच्याला पोटुशी बाई होडीत घालून न्यायची म्हणजे काय असतं, तुमाला काय ठावं? वारा असला की होडी सुटत न्हाय. बिचारीनं सकाळची वाट बघायची.” मग थोडं थांबून, “पण पूल झाला की तुम्ही होडीनं कशाला येशीला? तवा आमचं बी बगा म्हनावं.”

माझ्या कड्यावरच्या विचाराला इथे खरी गाठ बसली. अडचण राखणदारी करते हे खरं, पण तिचा पगार कुणी ना कुणी भरतच असतं. तो भरतात पलीकडच्या काठची माणसं. दवाखान्याला उशीर होतो, मुलं शाळा सोडतात, दूध वेळेत डेअरीला पोचत नाही. शहरातून आलेल्या माझ्यासारखीने, जिची अडचण एका रविवारपुरती आहे, त्या माणसांनी ती रान राखण्यासाठी कायम सोसावी असं म्हणणं हा सरळ आगाऊपणा झाला. कोयनेच्या लोकांनी धरणापायी आणि रानापायी आधीच पुरेसं सोसलं आहे; त्यांच्या पुनर्वसनाची भांडणं अजून मिटलेली नाहीत.

म्हणून पूल नको असं मला म्हणता येत नाही. म्हणायचं ते वेगळं आहे. गावकऱ्याची सोय आणि पाहुण्याची सोय या दोन गोष्टी आहेत आणि आपले आराखडे त्या एकाच ओळीत लिहितात. रुग्णवाहिका, एसटी, दुधाची गाडी पुलावरून रात्री-अपरात्री जायलाच हवी. पण पुलाच्या टोकाला शंभर मोटारींचा वाहनतळ, त्याला लागून हॉटेलांची रांग आणि तिथून थेट रानाच्या कडेपर्यंत रुंद रस्ता, ही गावाची गरज नव्हे. पाहुण्याने पुढेही होडीने यावं, चढ चढावा, संध्याकाळी परतावं, आणि होडीवाल्याचा रोजगार त्यातून टिकावा. म्हणजे अडचण काढायचीच नाही असं नाही, ती कुणासाठी काढायची आणि कुणासाठी ठेवायची ते ठरवायचं.

हे ठरवायची वेळ आता आली आहे. मुनावळ्याला कोयनेच्या पाण्यात 2024 साली जलपर्यटन केंद्र सुरू झालं. सातारा, जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांतली 235 गावं मिळून ‘नवीन महाबळेश्वर’ नावाचं गिरिस्थान करण्याचा आराखडा रस्ते विकास महामंडळाने केला आहे. क्षेत्र सुमारे 1,153 चौरस किलोमीटर. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं सगळं क्षेत्र मिळून सुमारे 1,165 चौरस किलोमीटर भरतं. म्हणजे एका डोंगररांगेच्या अंगावर जवळजवळ एकाच मापाच्या दोन चादरी पांघरायच्या आहेत, एक वाघाची, एक पर्यटकाची, आणि कडा कुठे कुठे एकमेकींवर येणार.

अशा आराखड्यांत रस्त्याची रुंदी, खोल्यांची संख्या, रोपवेची लांबी, अपेक्षित पर्यटक असे स्तंभ असतात. त्यांत दोन स्तंभ वाढवावेत, असं या दोन वाऱ्यांनंतर मला वाटतं. पहिला: ही सोय कुणाची, गावाची की पाहुण्याची? दुसरा: या सोयीमुळे कोणती अडचण हटते, ती अडचण आजवर काय राखत होती, आणि उद्यापासून ते काम कोण, कुणाच्या पगारावर करणार? कासवर या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रस्ता झाल्यावर कित्येक वर्षांनी शोधावं लागलं. कुंपण घालून, ते काढून, गावांना सोबत घेऊन, चाचपडत. ते सापडलं याचं श्रेय तिथल्या समित्यांना आणि त्या कासाणीच्या मुलीच्या घशाला. कोयनेच्या काठी तेच उत्तर या नव्या आराखड्याचा पहिला खांब रोवण्याआधी कागदावर लिहिता येईल. वाहनतळ पाण्याच्या अलीकडे ठेवता येईल, होड्यांची संख्या आणि हक्क गावांकडे ठेवता येतील, मुक्कामबंदी पाळता येईल, आणि दरवर्षी वाटेची रुंदी मोजून पुढच्या वर्षाचे परवाने ठरवता येतील. यातली एकही गोष्ट पुलाइतकी महाग नाही.

बामणोलीला उतरल्यावर आम्ही साताऱ्याकडे निघालो. मामा पुढच्या रविवारच्या नंबरासाठी क्लबच्या खोलीत शिरले. जाताना म्हणाले, “आराखडा बिराखडा करनाऱ्या सायबांना एकदा आना हिकडं. पर पूल व्हायच्या आधी. आन् होडीनं आना.”